मासा बरा करू नका

दुकानातला फोन वाजला की पलीकडून बहुतेक वेळा एकच वाक्य यायचं. "भाई, मासा गप हाय."

मासा गपच असतो. बोलणारा मासा घेऊन माझ्याकडे अजून कुणी आलेलं नाही. पण या धंद्यात केस पांढरे झाल्यावर मला त्या वाक्याचा अर्थ कळायला लागला. मासा गप आहे म्हणजे तो कोपऱ्यात एका जागी उभा आहे, खाणं टाकलं तर तोंड फिरवतोय, आणि त्यापायी घरातल्या कुणाला तरी जेवण जात नाहीये. मग मी रबरी नळी, जाळी आणि औषधाच्या दोन-चार बाटल्या पिशवीत टाकायचो आणि स्कूटरला किक मारायचो. मासा बघायला निघालोय असं घरी सांगायचो, पण निम्म्या वेळा त्या न जेवणाऱ्या माणसालाच बघायला जात असे.

माझं नाव हसन तांबोळी. कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं शोभेच्या माशांचं दुकान होतं. आहे अजून, पण आता माझी सून चालवते आणि माझ्यापेक्षा बरं चालवते. मी दारात खुर्ची टाकून बसतो आणि गिऱ्हाइकांना न विचारलेला सल्ला देतो.

आपल्या जिल्ह्यात म्हशीला डॉक्टर आहे, कुत्र्याला आहे, बैलाच्या खुरालाही आहे. माशाला नाही. एकदा एक गृहस्थ गोल्डफिश प्लास्टिकच्या पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात रांगेत बसले होते. पुढे गाभण म्हैस, मागे शेळी. डॉक्टरांनी पिशवी उजेडाकडे धरून नीट बघितली, जीभ बघायची सोय नाही म्हणाले आणि माझ्या दुकानाचा पत्ता दिला. पुढे ते सगळेच मासे माझ्याकडे पाठवू लागले. मी डॉक्टर नाही हे मी प्रत्येकाला सांगायचो. त्यावर लोक म्हणायचे, बरं, मग डॉक्टर, काय करायचं?

काय करायचं ते मी इथे फुकट सांगून टाकतो. आता दुकान सुनेचं आहे, नुकसान झालं तर तिचं. मासा स्वतःहून फार क्वचित आजारी पडतो, आधी त्याचं पाणी आजारी पडतं. मासा ज्या खोलीत झोपतो तिथेच जेवतो, तिथेच श्वास घेतो आणि बाकीचे विधीही तिथेच उरकतो. ही घाण पाण्यात विरघळते, डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखं आणि मासा धापा टाकतोय, असं मी कितीतरी घरांत बघितलंय. फिल्टरच्या स्पंजात बारीक जंतू वस्ती करून असतात, ते ही घाण खातात आणि माशाला जगवतात. जंतू चांगले असतात, हे माणसांना पटवणं फार कठीण. म्हणून माझ्या धंद्याचा सगळ्यात मोठा हंगाम दिवाळी. घराची साफसफाई निघते, गृहिणी माळ्यावरच्या पातेल्यांबरोबर फिल्टरचा स्पंजही काढते आणि साबण लावून नळाखाली खसाखसा धुते. भाऊबीजेपर्यंत फोन सुरू. एका वहिनींनी तो स्पंज माझ्यासमोर धरला होता. "बघा भाई, कसा पांढराशुभ्र निघालाय." निघाला होता खरा. त्यात राहणारी सगळी वस्ती गटारातून पंचगंगेला गेली होती.

दुसरं कारण म्हणजे प्रेम. आपल्याकडे प्रेम खायला घालून करतात. हातकणंगल्याच्या एका भाऊंनी आपल्या माशाला चिकन सिक्स्टी-फाइव्ह दिलं होतं. मसाला धुऊन दिला होता, असं त्यांनी बचावात सांगितलं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत सर्वांत निरोगी टाकी होती ती मंगळवार पेठेतल्या एका आजींची. त्या एकादशी, चतुर्थी आणि सोमवार धरायच्या आणि आपल्याबरोबर माशांनाही उपास घडवायच्या. माशांना पुण्य किती लागलं ते सांगता येणार नाही, पण पोट एकाचंही बिघडलं नाही.

गोल्डफिशचं पोट बिघडलं की तो उलटा तरंगतो, पोट वर करून. मेला म्हणून लोक रडायला लागतात आणि तो डोळे फिरवून त्यांच्याकडे बघत असतो. त्याला दोन दिवस उपाशी ठेवायचं आणि मग उकडलेला वाटाणा साल काढून द्यायचा. राजारामपुरीतले एक बँकेतले साहेब माझ्या सांगण्यावरून स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले, तेव्हा त्यांच्या पत्नी दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्या मला म्हणाल्या, यांना घरात वाटाणे कुठे असतात ते माहीत होतं, हे मला आज कळलं. मासा सरळ झाला. साहेबांकडे ते काम कायमचं लागलं.

सगळे मासे असे सरळ होत नाहीत. अंगात पाणी भरून खवले फणसासारखे उभे राहिले की माझ्याकडे काही उरत नाही. तिथे मी घरच्यांना खरं सांगायचो आणि चहा नाकारायचो. पोरं विचारायची, तो बरा होणार ना? मोठ्यांना खरं सांगता येतं. पोरांना मी म्हणायचो, तो आता दमलाय. त्या पोरांपैकी काही आज बाप होऊन दुकानात येतात. तो मासा दमला नव्हता, मलाच काही करता आलं नव्हतं, हे आता त्यांनाही कळत असणार. कुणी काढत नाही तो विषय.

आता मुख्य हकीकत सांगतो. त्यासाठी आधी अरोवाना काय चीज आहे ते सांगायला हवं. लांबट, चपटा, चांदीच्या पट्टीसारखा मासा. खालचा जबडा पुढे आलेला, हनुवटीला दोन मिशा. तो पाण्याच्या वरच्या थरात अशा थाटात फेऱ्या मारतो की टाकीची तपासणी करायला वरून पाठवलाय असं वाटावं. या माशाबद्दल लोकांत एक समज आहे. घरावर येणारं संकट तो आपल्या अंगावर घेतो आणि मरतो. हा समज कुठून आला मला ठाऊक नाही. त्याचा माझ्या कामावर परिणाम असा झाला की अरोवाना दगावला तर घरचे मला बोल लावत नाहीत. उलट समाधानाने सांगतात, "गेला बिचारा. आमच्यावरचं घेऊन गेला." एवढी सवलत कुठल्या डॉक्टरला मिळत नसेल. मी कधी कुणाशी वाद घातला नाही. गरजच पडली नव्हती.

कागलच्या आप्पांकडे असा अरोवाना होता. आप्पांचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान, ते आता त्यांचा मुलगा संजय बघत होता. आप्पांची बायको आक्का घरामागच्या गोठ्यातल्या म्हशी बघायची. आणि आप्पा मासा बघायचे. घराच्या पुढच्या सोप्यात भिंतभर टाकी, समोर लाकडी खुर्ची. माशाला ते साहेब म्हणायचे. सकाळी उठले की घरात पहिली चौकशी, "साहेब जेवले का?" आक्का म्हणायची, नवऱ्याने चाळीस वर्षांत मला कधी जेवलीस का विचारलं नाही. पण हे ती तक्रार म्हणून सांगत नसे, माहिती म्हणून सांगायची.

एके दिवशी आप्पांचा फोन आला. आवाज खोल गेला होता. छातीत दुखलं म्हणून कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलंय, तीन ठिकाणी अडकलंय, बायपास करायची म्हणतात. हे सगळं त्यांनी एका दमात उरकलं आणि मुद्द्यावर आले. साहेब जेवत नाहीत. संजय म्हणतो डोळ्यावर पांढरं आलंय. तू आजच्या आज जाऊन ये.

मी पिशवी भरत होतो तोवर दुसरा फोन. संजय होता. म्हणाला, "भाई, आप्पांनी बोलावलंय न्हवं? येऊ नका." मी कारण विचारलं. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "आक्का म्हणत्या, मासा बरा करू नका."

धंद्यात मला लवकर या, आत्ता या, का आला नाही, हे सगळं ऐकायची सवय होती. हे नवीन होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि कागलला जायच्याऐवजी दवाखान्यात आप्पांना बघायला गेलो. तिथे आप्पा नळ्यांच्या मध्ये पडले होते. माझ्याकडे बघून त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "माझं डॉक्टर बघत्यात. तू त्याचं बघ." मी बरं म्हणालो. ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही.

म्हणजे आता मी आप्पांना शब्द दिला होता आणि आक्काची मनाई होती. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही जाऊन तिच्यासमोर बसा तरी. फोनवर बाईमाणसाच्या मनातलं कळत नाही. समोर बसूनही कळेलच असं नाही, हेही तिने जोडलं.

कागलला पोचलो तर आक्का दारातच होती. उंच, काटक बाई. डोक्यावरचा पदर नीट, चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा. तिने मला बसायला सांगितलं, चहा आणला, माझ्यासमोर बसली आणि मी कप तोंडाला लावायच्या आत बोलली.

"भाई, चा घ्या आणि जावा. ह्यांच्या छातीत दुखलं त्याच दिवशी त्या माशानं खाणं सोडलं. त्यानं घ्यायला सुरवात केलीया. आता मधी हात घालू नगासा."

मी बसल्या जागेवरून टाकीकडे बघितलं. साहेब कोपऱ्यात वरच्या बाजूला उभे होते. कल्ले जोरात हलत होते, एक डोळा दुधासारखा झालेला, शेपटीच्या कडा फाटक्या. पाणी पिवळट. मला कारण जवळजवळ समोर दिसत होतं. आणि समोरच्या खुर्चीत बसलेल्या बाईलाही कारण दिसत होतं. तिचं कारण वेगळं होतं एवढंच.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी मासा बरा केला आणि ऑपरेशन टेबलावर आप्पांचं काही बरं-वाईट झालं, तर या घरात जन्मभर एकच गोष्ट सांगितली जाणार होती. तांबोळी आला आणि त्याने मासा वाचवला. मासा मेला आणि आप्पा जगले, तर आप्पा मला विचारणार होते. दोन्हीकडून मीच सापडत होतो. तरी मी माझं बाजूला ठेवून आक्काला विचारलं, ऑपरेशनच्या आधी आप्पांनी माशाची चौकशी केली तर काय सांगायचं?

"मेला म्हणून सांगा."

"आणि त्या धक्क्यानं त्यांना काही झालं तर?"

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मागे गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती. मी हळूच म्हणालो, औषध घालत नाही. पण पाणी तरी बदलू द्या. जे व्हायचं ते होईल, घाणीत कशाला मरू द्यायचं?

आक्काने आयुष्यभर जनावरं सांभाळली होती. ती म्हणाली, खरं हाय, म्हस मरायला टेकली तरी तिच्या खालचं शेण काढतोच की. "पाणी बदला. पर औषधाची बाटली भाईर काढायची न्हाई." आणि नुसत्या माझ्या शब्दावर विसंबायला नको, म्हणून ती माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली. नळी तेवढी काढून दिली.

मी नळी टाकीत सोडली आणि तळातली घाण ओढायला लागलो. टाकीत एक मोठं लाकूड होतं, त्याच्या मागून कलेजीचे तुकडे निघायला लागले. एक, दोन, मग मूठभर. कुजून पांढरे पडलेले. सोप्यात वास सुटला. संजय दुकानातून आला होता, तो नाक दाबून उभा राहिला. मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, आप्पांना दवाखान्यात नेल्यापासून मी रोज दोन-तीनदा घालतोय. त्याला वाटत होतं साहेब खातात. साहेब एकटे पडलेत, निदान उपाशी तरी राहू नयेत. आजारपण असलेल्या घरात प्रत्येकाला कुणाला तरी खायला घालावंसं वाटतं, आणि रोगी तर दवाखान्यात होता.

निम्म्याहून थोडं कमी पाणी काढलं. एकदम सगळं बदललं तर मासा त्यानेच मरतो. मग अंगणातल्या टाकीतलं बोअरचं पाणी हळूहळू सोडलं. ते झाल्यावर मी जरा घसा खाकरून म्हणालो की थोडं मीठ पडलं तर बरं.

"मीठ औषध हाय का?"

"मीठ मीठ हाय, आक्का."

ती पिशवी बगलेत धरूनच उठली, आत गेली आणि खड्याचं मीठ ओंजळभर घेऊन आली. तुमच्या पिशवीतलं नको, घरातलं घाला म्हणाली. पण माझ्या हातात दिलं नाही. टाकीसमोर उभी राहिली, मीठ दोन्ही मुठींत धरून तिने टाकीवरून उतरवलं, जशी पोराची दृष्ट काढतात तशी, ओठांतल्या ओठांत काही म्हणत. दृष्टीचं मीठ चुलीत टाकतात. तिने ते पाण्यात सोडलं. माशाला मीठ द्यायच्या अनेक पद्धती मी बघितल्यात. ही पहिल्यांदाच बघितली. ती कुणाची दृष्ट काढत होती, आप्पांची की माशाची, हे मी विचारलं नाही. मिठाचं प्रमाण बरोबर होतं.

पुढचे काही दिवस मी रोज सकाळी कागलला जात होतो. रोज पिशवी आक्काच्या मांडीवर, रोज थोडं पाणी काढायचं, थोडं घालायचं. जाताना एक सुकी कोळंबी टाकून बघायचो. ती तरंगत राहायची, साहेब तिकडे बघायचे नाहीत, मग मी ती जाळीने काढून घ्यायचो. आक्का हे सगळं लक्ष देऊन बघायची आणि मासा खात नाही याने तिला जरा धीर यायचा. दुपारी दवाखान्यात आप्पांना मी सांगायचो, पाणी बदललं, डोळा जरा निवळलाय, अजून खात नाही. खरं तेच सांगायचो. ते म्हणायचे, खाईल. साहेब लोकांचा रुसवा लांबतो.

ऑपरेशनच्या दिवशी सगळं घर कोल्हापूरला गेलं. आक्का गेली नाही. संजयने हात जोडले, जावेने समजावलं. ती म्हणाली, तिथं डॉक्टर हायत, हितं कोन हाय? आणि टाकीसमोर आप्पांच्या खुर्चीत बसली. मला जायचं होतं दवाखान्यात, पण तिला एकटीला सोडून जाववेना.

नेहमीप्रमाणे पाणी बदललं. साहेबांचा डोळा बराच स्वच्छ दिसत होता, पण मी ते बोललो नाही. मग सवयीने, काही विचार न करता, आक्काकडून पिशवीतली एक कोळंबी मागून घेतली आणि टाकली.

साहेब वळले. एक फेरी मारली, खालून आले आणि पाणी उडवून ती गिळली.

एरवी हा माझ्या कामातला सगळ्यात चांगला क्षण. आजारी माशाने पहिला घास घेतला की घरातले लोक एकमेकांना हाका मारतात. मी आक्काकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आता का खाल्लं त्यानं?" ती म्हणाली.

"भूक लागली असंल, आक्का."

"आजच?"

पाणी सुधारलं म्हणून खाल्लं, हे खरं होतं, पण त्या घटकेला ते खरं कुणाच्या कामाचं नव्हतं. तिने मोबाइल मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत बसली. तो वाजला नाही. मीही खाली बसलो. साहेब वरच्या थरात पुन्हा फेऱ्या मारायला लागले होते आणि दर फेरीला काचेजवळ येऊन आम्हा दोघांची तपासणी करून जात होते. एखादा मासा इतका तब्येतीत असल्याचं मला कधी एवढं अवघड वाटलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने आक्काने फोनवरची नजर न काढता विचारलं, "तुमच्यात असं काय मानत्यात का?"

मी सांगितलं, मानतात की. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी विषमज्वर झाला होता. आईने कोंबडीचं अंडं त्याच्यावरून सात वेळा उतरवलं आणि मला चौकात ठेवून यायला सांगितलं. मागे वळून बघू नको म्हणाली. मी बघितलं.

"भाऊ ऱ्हायला?"

"ऱ्हायला. आता मिरजेला असतो. शुगर हाय त्याला, बाकी बरा हाय."

"आणि अंड्याचं काय झालं?"

"कुत्र्यानं खाल्लं."

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "कुत्र्याला काय झालं?"

मला ते आठवायला लागलं. गल्लीतलं पिवळं कुत्रं होतं, एका कानाचं. त्याच्यावर मी पुढे बरेच दिवस डोळा ठेवून होतो, कारण मलाही तेच बघायचं होतं. मी म्हणालो, "काय न्हाई. चांगलं जाडजूड झालं."

आक्का त्यावर विचार करत होती हे मला दिसत होतं. तिने टाकीकडे बघितलं, मग फोनकडे, पुन्हा टाकीकडे.

मासा पोहत राहिला. गोठ्यात म्हशींनी हंबरायला सुरुवात केली, दुधाची वेळ होऊन गेली होती. आक्का उठली नाही. मी धारा काढू का म्हणून विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, तुमच्यानं व्हायची न्हाई, लाथ घालंल. हे बरोबर होतं.

मग फोन वाजला. तिने तो माझ्याकडे दिला. पलीकडे संजय होता आणि तो रडत होता, त्यामुळे मला दोनदा विचारावं लागलं. झालं होतं. नीट झालं होतं. डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले होते, उद्या भेटता येईल. मी आक्काला तेच शब्द सांगितले. तिने ते ऐकून घेतले, दोन्ही हातांनी तोंडावरून पदर फिरवला आणि मागच्या दाराने गोठ्यात गेली. थोड्या वेळाने बादलीत दुधाच्या धारा पडायचा आवाज यायला लागला. माझी पिशवी खुर्चीवर तशीच पडली होती. मी ती उचलली आणि निघालो.

आप्पा घरी आले तेव्हा मी हजर होतो. त्यांना धरून आणून खुर्चीत बसवलं. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, साहेब आले, बोटामागून एकदा इकडे एकदा तिकडे फिरले. आप्पांनी मला विचारलं, कुठलं औषध घातलंस? मी आक्काकडे बघितलं. ती म्हणाली, "औषध कुठलं? पाणी बदललं." आप्पा म्हणाले, एवढंच? मी म्हणालो, एवढंच. त्यांना ते फारसं पटलं नाही. इतक्या साध्या गोष्टीने आपला साहेब बरा व्हावा, हे त्यांना कमीपणाचं वाटलं असावं.

आक्काने मात्र आपला निकाल लावला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "त्यानं घेतलं आणि पचवलं." मासा संकट घेतो, पण मरायलाच पाहिजे असं नाही, अंगात ताकद असली तर पचवतो. ही दुरुस्ती कागल तालुक्यात इतकी पसरली की पुढे माझ्या दुकानात लोक येऊन विचारायला लागले, घेऊन पचवणारा अरोवाना आहे का? माझ्याकडे एकाच जातीचे होते. मी म्हणायचो, पचवणं पाण्यावर अवलंबून असतं. आठवड्याला थोडं पाणी बदला, कलेजी घालू नका, स्पंज साबणाने धुऊ नका. ते मान डोलवायचे आणि घरी जाऊन खरंच तसं करायचे. जे मला तीस वर्षं ओरडून पटवता आलं नव्हतं, ते आक्काने एका वाक्यात पटवलं. त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही. आधी जरा लागलं मनाला. नंतर त्या टाक्या बघितल्या आणि गप्प बसलो.

त्यानंतर आप्पा बरीच वर्षं जगले. चांगले जगले. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी उठलेच नाहीत. काही दुखलं-खुपलं नाही, आदल्या दिवशी साहेबांना जेवायला घालून झोपले होते.

मी भेटायला गेलो तेव्हा सोपा माणसांनी भरला होता. आप्पांची खुर्ची भिंतीला सरकवून ठेवली होती. टाकीत साहेब फेऱ्या मारत होते, म्हातारे झालेले, पण ठणठणीत. डोळा स्वच्छ, शेपटी पुरी. मी मान खाली घालून बसलो. माझ्या हातून काही चुकलं नव्हतं, तरी त्या माशाची तब्येत बघून मला ओशाळल्यासारखं झालं. आणि जे कुणीतरी बोलणारच होतं ते आप्पांच्या लांबच्या एका पाहुण्याने बोलून टाकलं. टाकीकडे हात करून तो म्हणाला, "एवढा मासा पाळला, त्याचा उपेग काय झाला? घेतलं का त्यानं?"

सगळे आक्काकडे बघायला लागले. ती भिंतीला टेकून बसली होती. तिने पाहुण्याकडे बघितलं नाही, माशाकडे बघितलं.

"दर बारीला त्यानंच का घ्यायचं?" ती म्हणाली.

मग ती हात टेकून उठली, माणसांतून वाट काढत टाकीपाशी गेली आणि काचेला डोळे लावून तळ बघितला. गर्दीगडबडीत इतके दिवस कुणाचं लक्ष नाही, पाणी पिवळं पडलंय, असं तिने मला सांगितलं. मी नळी आणली नव्हती. तिने कोपऱ्यातली आप्पांची नळी काढली, पदर खोचला आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं.